महागाचे पाच तास

समोरच्या दारातल्या आत्यांना आमची अख्खी इमारत आत्याच म्हणायची. वास्तविक त्या एकाच माणसाच्या आत्या होत्या, विमा कचेरीत काम करणाऱ्या त्यांच्या भाच्याच्या. भाऊ आणि भावजय पाठोपाठ गेले तेव्हा हा भाचा शाळेत होता. आत्यांनी त्याला वाढवलं, शिकवलं, लग्न लावून दिलं. स्वतः लग्न केलं नाही. एकतीस वर्षं त्या एका मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होत्या. माणूस आत जाऊन उभा राहील एवढाली यंत्रं, वाफ, आणि दिवसाला चारशे चादरी. निवृत्त झाल्या तेव्हा भाचा म्हणाला, "आत्या, आता तू नुसतं बसायचं."

"त्यानं बसायला खुर्ची दिली," आत्या मला सांगायच्या, "बसायला वेळ द्यायचा तेवढा राहून गेला." आणि स्वतःच खुसुखुसू हसायच्या.

मी ग्रंथालयातून निवृत्त झालेली, एकटी. आम्हा दोघींचा चहा रोज अकराला माझ्याकडे व्हायचा. त्यामुळे पुढचं जे सांगते आहे त्यातलं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे, आणि उरलेलं त्यांच्या तोंडून ऐकलेलं.

आमच्याकडे नवे मीटर बसले त्या आठवड्यात वीज कंपनीचा एक तरुण इंजिनिअर गच्चीवर सभा घ्यायला आला. चांगलं समजावून सांगितलं त्यानं. संध्याकाळी सगळं शहर एकदम घरी येतं, सगळ्यांची यंत्रं एकदम सुरू होतात. तेवढ्या चार-पाच तासांसाठी जास्तीची वीज तयार करायला लागते आणि ती सगळ्यांनाच महाग पडते. दुपारी मात्र ऊन फुकट पडतं, वीज भरपूर असते. म्हणून नवा दर असा: सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच स्वस्त, पाच ते रात्री दहा महाग, मग पुन्हा साधा. मीटर मिनिटामिनिटाची नोंद करणार आणि ती मोबाईलवर उभ्या पट्ट्यांत दिसणार. स्वस्त तासांच्या हिरव्या, महाग तासांच्या लाल.

"म्हणजे चोर कोण ते घरबसल्या कळणार," आत्या म्हणाल्या. लोक हसले. इंजिनिअरही हसला.

पहिल्या महिन्यात खरोखरच चोर सापडले, आणि ते आत्यांनीच पकडले. यंत्रांशी त्यांचं आयुष्य गेलेलं. भाच्याच्या मोबाईलवर त्यांनी पाहिलं, की घरात सगळे झोपलेले असतानाही पट्टी खाली येत नाही. त्यांनी फ्रिजच्या दारात कागदाची चिठ्ठी धरून दार लावलं, चिठ्ठी अलगद सुटून आली. रबर गेलं होतं, फ्रिज चोवीस तास धापा टाकत होता. रबर बदललं. न्हाणीघरातला गीझर सकाळी चालू राहून दुपारपर्यंत तापत बसायचा, त्याची सवय मोडली. टीव्हीखालची लाल दिव्यांची रांग बटणावरून बंद व्हायला लागली. माझ्याही घरी येऊन त्यांनी चिठ्ठी लावून पाहिली. त्यांचं बिल एकतृतीयांशानं उतरलं, माझंही बरंच. आम्ही दोघींनी त्या दिवशी चहाबरोबर बिस्किटं खाल्ली.

इथंच थांबलं असतं तर ही गोष्ट सांगायला मी बसले नसते.

भाचेसून दातांच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसायची. नीटनेटकी, हिशेबी, आवाज कधी न चढवणारी बाई. तिनं स्वयंपाकघरात एक कागद चिकटवला. कपड्यांचं यंत्र, इस्त्री, मिक्सर, पाण्याची मोटर, ओव्हन, सगळं नऊ ते पाचमध्ये. नऊ ते पाचमध्ये ती दोघं कामावर. घरात कोण, तर आत्या. कागदावर नाव कुणाचंच लिहिलेलं नव्हतं, लिहायची गरज नव्हती.

आधी संध्याकाळची कामं तिघांत वाटलेली असायची. आता ती सगळी दुपारी सरकली, आणि दुपारबरोबर आत्यांच्या अंगावर आली. दोन खेपा कपडे, त्यांची इस्त्री, दुसऱ्या दिवसाची वाटणं-दळणं, टाकी भरणं, रात्रीचं जेवणसुद्धा साडेचारच्या आत शिजवून झाकून ठेवणं. आमचा अकराचा चहा बंद पडला. मी विचारलं तर म्हणाल्या, "बाई, धुलाईखान्यात निदान दुपारी भोंगा व्हायचा हो. अर्धा तास पाय पसरता यायचे."

त्यांचे गुडघे तेव्हाच गेलेले होते.

संध्याकाळी पाचला घर बंद व्हायचं. एक दिवा, एक पंखा. तो पंखा दिवाणखान्यात, कारण ती दोघं तिथं बसायची. आत्यांची खोली पश्चिमेची, वर गच्ची. उन्हाळ्यात त्या भिंतीला रात्री नऊलाही हात लावता येत नसे. तिथं एक जुना कूलर होता. भाच्यानं त्याच्या प्लगमध्ये मोबाईलवरून बंद-चालू होणारं बटण बसवलं. कूलर हातानं लावला तरी त्याच्या मोबाईलवर लगेच कळायचं.

"हे कशाला?" आत्यांनी विचारलं.

"तुला उठायला नको म्हणून. मी ऑफिसातून लावून देईन."

दुपारी तो कधीमधी लावायचाही. पण दुपारी आत्या खोलीत नसतच, त्या इस्त्रीच्या टेबलापाशी असायच्या.

एकदा जेवताना भाचेसुनेनं मोबाईल ताटाशेजारी ठेवला. मी वाटी परत द्यायला गेले होते, दारातच उभी होते.

"आत्या, काल सहा वाजून दहा मिनिटांनी काय लावलं होतं तुम्ही?"

आत्या गोंधळल्या. "काल? काल... शेकायची पिशवी लावली होती. गुडघ्याला."

"दुपारी शेकता येत नाही का?"

"दुखलं सहाला गं."

भाचा खाली मान घालून जेवत होता. भाचेसून शांतपणे म्हणाली, "दुखणं आपण थांबवू शकत नाही, आत्या. वेळ तरी पाळू शकतो ना." आणि तिनं मला हसून विचारलं, "बाई, बसता का?"

मी बसले नाही. वाटी ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवसापासून ती पिशवी कपाटाच्या वरच्या खणात गेली, जिथं आत्यांचा हात पोचत नव्हता.

मे महिन्यात कंपनीनं स्पर्धा जाहीर केली. महिनाभर पाच ते दहामध्ये सगळ्यात कमी वीज वापरणाऱ्या घराला बक्षीस. भाचेसुनेनं ते मनावर घेतलं. त्या महिन्यात उन्हानं कहर केला होता, आणि त्या महिन्यात कूलर संध्याकाळी एकदाही चालला नाही. आत्या ओला पंचा डोक्यावर घेऊन जिन्यात बसायच्या. मी म्हटलं, "माझ्याकडे या, पंखा आहे." दोन-तीनदा आल्या. मग भाचेसून माझ्याकडे येऊन गोड शब्दांत म्हणाली, की असं शेजारी जाऊन बसलं की लोकांना वाटतं आम्ही त्यांना नीट ठेवत नाही. त्यानंतर आत्या आल्या नाहीत. मीही पुन्हा बोलावलं नाही. शेजारधर्म कुठं संपतो हे मला फार चटकन कळतं, हा माझा जुना दोष.

त्यांना पहिलं बक्षीस मिळालं.

समारंभ कंपनीच्या सभागृहात, संध्याकाळी साडेसहाला. इमारतीतल्या आठ-दहा जणांना भाच्यानं गाड्या करून नेलं. आत्यांना नेलं नाही. "तिला जिने झेपत नाहीत," तो म्हणाला. खरं होतं ते. सभागृह इतकं गार होतं की मी पदर दोन्ही खांद्यांवरून घेतला. भाचेसुनेनं व्यासपीठावर छोटं भाषण केलं. शिस्त असली की काहीही अवघड नाही, आमच्या घरात सगळ्यांनी मिळून हे केलं, असं ती म्हणाली. मी टाळ्या वाजवल्या.

ती बोलत असताना माझ्या शेजारी बसलेल्या भाच्याचा मोबाईल थरथरला. त्यानं पाहिलं, अंगठ्यानं एक बटण सरकवलं आणि मोबाईल मांडीवर ठेवला. दोन मिनिटांनी पुन्हा थरथरला. पुन्हा सरकवलं. तिसऱ्यांदा त्यानं च्‌ केलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. आत्या. कूलर लावतेय." तो हसला. "आज बक्षिसाच्या दिवशी बरं दिसत नाही ना."

मीही हसले. हे मला लिहिलंच पाहिजे, की मीही हसले.

घरी काय झालं ते आत्यांनी मला नंतर सांगितलं. त्यांना दुपारपासून मळमळत होतं. दोन खेपा कपडे झाले होते, कारण दोघांना समारंभाला इस्त्रीचे कपडे हवे होते. सात वाजून गेल्यावर खोलीत श्वास कोंडायला लागला म्हणून त्यांनी कूलर लावला. तो बंद पडला. वीज गेली असं वाटून त्यांनी दिवा लावून पाहिला, दिवा लागला. पुन्हा कूलर लावला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा बंद पडला तेव्हा त्यांना कळलं.

"एकतीस वर्षं यंत्र चालवलं," त्या मला म्हणाल्या. "बिघडलेलं यंत्र कसं बंद पडतं आणि कुणी बंद केलेलं कसं बंद पडतं, ते मला कळतं."

त्यांनी दिवाही मालवला आणि वाऱ्यासाठी जिन्याकडे निघाल्या. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी पाय अडखळला. खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला. त्यांनी हाका मारल्या. पहिली हाक माझ्या नावानं मारली होती. मी तिकडे सभागृहात पेढ्याऐवजी वाटलेलं आइस्क्रीम खात होते.

आम्ही साडेनऊला परतलो. त्या फरशीवर तशाच होत्या, शुद्धीवर. भाच्याला पाहून म्हणाल्या, "मिळालं का बक्षीस?"

रुग्णालयात डॉक्टरांनी विचारलं, पडल्या किती वाजता? आत्यांना सांगता येईना. भाच्यानं खिशातून मोबाईल काढला. त्यानं पट्ट्या मोठ्या करून दाखवल्या. सात वाजून बारा मिनिटांनी कूलर चालू, तेराला बंद. पंधराला चालू, सोळाला बंद. एकोणीसला चालू, लगेच बंद. बाविसाव्या मिनिटाला दिवा बंद. मग काहीच नाही. "म्हणजे साधारण साडेसात," तो म्हणाला.

डॉक्टरांनी ते लिहून घेतलं. "बरं झालं तुमच्याकडे हे मीटर आहे," ते म्हणाले. "नाहीतर लोकांना काही सांगता येत नाही."

कूलर चालू कुणी केला, हे उघड होतं. बंद कुणी केला, हे डॉक्टरांनी विचारलं नाही. मी तिथंच उभी होते.

शस्त्रक्रिया झाली, पण आत्या पुन्हा चालल्या नाहीत. घरी दिवसा कोणी नसतं, म्हणून महिन्याभरात त्यांना गावाबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. एका दालनात बारा खाटा. भाचेसुनेनं मला समजावलं, की तिथं चोवीस तास माणसं असतात, आपल्याकडे त्यांचे हालच झाले असते.

इकडे समोरच्या घरातल्या लाल पट्ट्या चढायला लागल्या. कपडे, इस्त्री, स्वयंपाक, सगळं पुन्हा संध्याकाळी आलं, कारण करणारी माणसं संध्याकाळीच घरी यायची. कंपनीनं त्यांना सूचना पाठवली, की आपला महागाच्या वेळेतला वापर दुप्पट झाला आहे. भाचेसुनेनं कामाला बाई शोधली. आत्या जेवढं करत तेवढं ऐकून त्या बाईनं विचारलं, "हे एका माणसाचं काम आहे?" आणि चहासुद्धा न पिता निघून गेली.

पुढच्या रविवारी भाचा आत्यांना भेटायला निघाला, त्याच्या गाडीतून मीही गेले. त्यानं खाटेशेजारी स्टूल घेतलं. फळं ठेवली. तब्येतीचं एक वाक्य झालं. मग त्यानं मोबाईल काढला.

"आत्या, एक विचारायचं होतं. तू दोन खेपा कपडे, इस्त्री, टाकी, स्वयंपाक, सगळं पाचच्या आत कसं बसवायचीस? कुठल्या क्रमानं? गेल्या रविवारी आम्ही करून पाहिलं, आम्हाला दोघांना मिळून जमत नाही."

तो टिपून घ्यायला तयार बसला होता. चेष्टा नव्हती, त्याला खरंच हवं होतं.

आत्यांनी त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या काहीतरी बोलतील, जे ऐकायला मी कित्येक महिने थांबले होते. त्यांनी उशी नीट केली.

"आधी पांढरे भिजत घालायचे," त्या म्हणाल्या. "मोटर लावायची ती त्याच वेळी..." आणि पाऊण तास त्यांनी सगळं सांगितलं. कुठलं यंत्र कुठल्या मिनिटाला, इस्त्री तापेपर्यंत काय, कपडे अर्धे ओले असताना काय. बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता. एकदा त्यानं चुकीचं लिहिलं तर त्याला रागावल्याही. निघताना त्यानं त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि म्हणाला, "किती सोपं करून टाकलंस गं."

तो गाडी आणायला गेल्यावर मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "आत्या, का सांगितलंत त्याला?"

"आणि काय सांगणार होते?" त्या म्हणाल्या. "त्यानं एवढंच विचारलं."

डिसेंबरात न्यूमोनियानं त्या गेल्या. त्यांची खोली रंगवून भाच्यानं तिथं कपडे वाळवायचं यंत्र ठेवलं आहे. त्याला घड्याळ जोडता येतं. ते दुपारी एकला आपोआप सुरू होतं आणि समोरच्या दारातून मला ऐकू येतं.