हुकूमशहा वहिनी

मी बडनेऱ्याला रेल्वेत नोकरीला. सुट्टीच्या दिवशी लिहीत बसायचो. असाच एका काल्पनिक देशातल्या हुकूमशहावर वऱ्हाडी बोलीतला सिनेमा लिहिला, आणि अमरावतीच्या एका मित्रानं तो दिग्दर्शित करायला घेतला. चित्रीकरणाला चार दिवस उरले असताना हुकूमशहा करणाऱ्या नटाला मालिकेत काम मिळालं आणि तो मुंबईला निघून गेला.

तालमी आमच्याच गच्चीवर व्हायच्या. वहिनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको, तिथंच बसून दुकानासाठी फुलं निवडायची. फुलांचं दुकान एकटीनं सांभाळणारी, मोजकं बोलणारी बाई. आम्हाला डोक्याला हात लावून बसलेलं पाहून ती म्हणाली, "भाऊजी, मले करू द्या. सारं पाठ हाय."

मित्र हसला. मीही हसलो, त्याची अजून लाज वाटते.

"बाई कशी हुकूमशहा होईल, वहिनी?" मी विचारलं.

"काहून? हुकूम सोडाले मिशा लागतात काय?"

मित्रानं मुद्दाम अवघड प्रसंग दिला. हुकूमशहा आपल्या जुन्या साथीदाराला फासावर पाठवतो. तिथं मी पानभर भाषण लिहिलं होतं, आधीचा नट ते गळ्याच्या शिरा ताणून म्हणायचा. वहिनी जागची उठलीसुद्धा नाही. साथीदार पाया पडून रडत होता आणि ती टोपलीतला झेंडू निवडत होती, सडकं फूल बाजूला टाकत होती. भाषणातलं एकही वाक्य तिनं म्हटलं नाही. बऱ्याच वेळानं, मान वर न करता, हळूच म्हणाली, "घेऊन जा याले. अन् जाताना दार लोटून घेजा."

मित्र म्हणाला, "बस. हेच." भाषणाचं पान मी तिथंच फाडलं.

दादाला हे पटलं नव्हतं. "लोकं हासतीन," म्हणाला, आणि मोर्शीकडे चित्रीकरण चाललं तेव्हा एकदाही फिरकला नाही. पण अकोल्याच्या पहिल्या खेळाला आला, शेवटच्या रांगेत बसला.

त्या प्रसंगाला थेटरात कुणी खोकलंही नाही. सिनेमा संपला तरी लोक बसूनच राहिले. मग मागून एक शिट्टी वाजली आणि सगळं थेटर उभं राहिलं. टाळ्या थांबेचनात. एक म्हातारी बाई वहिनीचा हात धरून म्हणाली, "बाई, तुले चपलीनं हाणावं वाटलं मले!"

"मंग जमलं म्हना की!" वहिनी खळखळून हसली. तिला असं हसताना मी प्रथमच पाहत होतो.

आणि दादा? दरवाज्यात उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "मायी बायको हाय, बरं!"

परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर मागे पडलं. मग वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊजी, पुढचं काय लिहून राहिले? आता पयल्यापासून माह्यासाठीच लिहा."