पाचूबंदरचा दुसरा पंचनामा

तीन पंख्यांची ती चोरी अजून माझ्या डोक्यातून गेलेली नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यांतले कित्येक आता एकमेकांत मिसळून गेले आहेत. ही मात्र साधी चोरी, आणि तरी तिचा प्रत्येक दिवस मला सांगता येतो. कारण सरळ आहे. या गुन्ह्यात चोरानंतर सर्वांत मोठी चूक माझी होती.

तेव्हा मी वसई भागातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. नावं कोणाचीच सांगत नाही. माणसं अजून तिथेच राहतात.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते. पाचूबंदरला बोटी ओढून किनाऱ्यावर घेतात, वरून ताडपत्री टाकतात आणि दोरीने आवळून ठेवतात. बंदी संपत आली की डागडुजी सुरू होते. असाच एक बोटमालक रंग काढायला म्हणून आपल्या बोटीवरची ताडपत्री सोडायला गेला, तर बोटीचा पंखा गायब. पंखा म्हणजे बोटीच्या मागे पाण्याखाली फिरतो तो, पितळी, चांगला वजनदार. मग इतरांनी ताडपत्रीची कड उचलून आपापल्या बोटी पाहिल्या. आणखी दोन बोटींचे पंखे गेले होते. दर्या उघडायला थोडेच दिवस उरले होते, आणि पंख्याशिवाय बोट म्हणजे लाकडाचा सांगाडा.

फिर्याद नोंदवून आम्ही घटनास्थळी गेलो. जीप, मी, लिखापढी करणारा राईटर हवालदार, दोन शिपाई आणि आमचे दोन पंच. हे पंच म्हणजे ठाण्यासमोरचा झेरॉक्सवाला आणि त्याच्या शेजारचा चहावाला. कुठलाही पंचनामा असो, यांना हाक मारायची. दोघांनी इतके पंचनामे केले होते की नव्या शिपायाचा मजकूर अडला तर झेरॉक्सवाला पुढचं वाक्य सांगत असे. आम्हाला त्याचं हसू यायचं. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे मला फार उशिरा कळलं.

बायका जमल्या होत्या. त्यांतली एक, सुकी मासळी विकणारी, साठीच्या पुढची, हात करून काहीतरी ओरडत होती. शिपायाने नेहमीप्रमाणे सांगितलं, "मागे व्हा, मागे व्हा." ती मागे झाली. पहिल्या दोन बोटींच्या ताडपत्र्या आम्ही सोडून टाकल्या. तिसरीची बाजूने वर केली, आत डोकावलो, पंखा नाही एवढं पाहिलं आणि लिहिलं, "ताडपत्री दोरीने बांधलेल्या स्थितीत." अर्ध्या तासात काम उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळची हजेरी संपते न संपते तोच त्या पहिल्या बोटमालकाचा फोन आला. हा गृहस्थ आमच्या शांतता कमिटीत होता. बैठकीला वेळेवर यायचा, पुढच्या खुर्चीत बसायचा, माझ्या भाषणाला मान डोलवायचा. त्या भाषणात एक वाक्य ठरलेलं असे, "लोकांनी पोलिसांना सहकार्य केलं पाहिजे." आता तो सहकार्य करत होता.

"साहेब, सांगायला बरं नाही वाटत," तो म्हणाला, "पण माझाच तांडेल आहे. चार-पाच दिवसांपूर्वी भर दुपारी बोटीवरून गोणी घेऊन उतरताना लोकांनी पाहिलाय त्याला. आणि पंखा खोलायचे पाने-बिने सगळे त्याच्याकडेच असतात."

तांडेल म्हणजे बोट चालवणारा, खलाशांचा म्होरक्या. हा पस्तिशीतला, शांत, कामाला वाघ असं सगळे म्हणत. बोट मालकाची, पण खलाशी तांडेलाच्या भरवशावर समुद्रात जातात. त्याचं नाव गेलं की त्याच्या बोटीवर कोणी पाय ठेवत नाही.

हे मला माहीत होतं, आणि तरी मी जीप पाठवली. तो इतरांबरोबर जाळी विणत बसला होता. साऱ्या कोळीवाड्यादेखत शिपायांनी त्याला गाडीत बसवून आणलं.

मी त्याच्यावर हात उगारला नाही. त्या काळी मला याचा अभिमानही वाटायचा. मी फक्त त्याला ठाण्याच्या व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसवून ठेवलं, जिथून पासपोर्टवाल्यापासून भाडेकरूचा अर्ज घेऊन येणाऱ्यापर्यंत सगळी वसई ये-जा करते. मग आत बोलावून विचारलं.

"गोणीत काय होतं?"

"माझं सामान."

"कसलं सामान?"

"माझं होतं, साहेब."

"मग दाखव की."

तो गप्प. खाली मान नाही, चुळबुळ नाही, नुसता गप्प. गुन्हेगार बहुधा जास्त बोलतो, हे मी नव्या पोरांना शिकवत आलो होतो. पण गप्प माणूस समोर आला की मीच ते विसरलो. संध्याकाळी त्याला सोडलं आणि रोज हजेरीला यायला सांगितलं. पाच दिवस तो चालत येत होता, बाकड्यावर बसत होता, चालत जात होता. तिसऱ्या दिवशी ठाणे अंमलदाराने सहज सांगितलं की त्याच्या खलाशांपैकी दोघे दुसऱ्या बोटीवर लागले. माझ्या मनात आलं, दबाव वाढतोय, आता बोलेल. हे लिहितानाही लाज वाटते.

पाचव्या दिवशी ती सुकी मासळीवाली मावशी ठाण्यात आली. टोपली बाहेर ठेवून थेट माझ्या केबिनमध्ये.

"साहेब, त्या दिशी मी बोंबलून सांगत होते, गाठ बगा, गाठ बगा. तुमच्या मानसानं मला हाकललान."

"कसली गाठ, मावशी?"

"ताडपत्रीची! ती आमच्या मानसाची गाठ नाय. दोन बोटींची तुम्ही सोडून टाकलीत, आता काय बगनार? तिसरीची हाय अजून. पानी पिऊन आवळलीय ती, कोनाला सुटत नाय."

मी राईटरला हाक मारली. त्याने सवयीने विचारलं, "सर, पंचांना बोलवू?" आणि खिडकीतून झेरॉक्सवाल्याकडे बघितलं.

कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे की पंच त्याच परिसरातले, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित असावेत. परीक्षेत मी हे उत्तर लिहून गुण मिळवले होते. ते का लिहिलं असेल, हा प्रश्न मला इतक्या वर्षांत पडला नव्हता. मी म्हणालो, "नको. पंच तिथेच मिळतील." मावशी तांडेलाच्या नात्यातली नव्हती, शेजारीणही नव्हती, हे मी आधी विचारून घेतलं.

"गाडी नका आनू," ती म्हणाली. "गाडी बगितली की सगले घरात जातात."

जीप नाक्यावर ठेवून आम्ही चालत गेलो. पंच म्हणून मावशी आणि जाळी विणणारे एक म्हातारे ख्रिस्ती गृहस्थ. राईटर जरा अडखळला. बाई पंच, त्यातून मासळी विकणारी. मावशीने प्लास्टिकचा क्रेट उलटा केला आणि त्याला म्हणाली, "बस इथं, न् लिही."

म्हाताऱ्या गृहस्थांनी दोरीचा तुकडा घेऊन आपली गाठ बांधून दाखवली. भिजलेली असली तरी एका झटक्यात सुटली. "दर्यात गाठ सुटली पायजे," ते म्हणाले. "नाय सुटली तर मानूस जातो." मग तिसऱ्या बोटीची गाठ दाखवली. दोरीचा फास करून त्यातून टोक परत ओढलेलं, वर दोन वेढे. "ही मालाच्या गाडीवाल्याची. माल हलू नये म्हनून बांदतात ती. दर्यावरचा मानूस असं बांदनार नाय, झोपेत पन नाय."

मागची दोरी सोडायची, ताडपत्रीच्या आडोशाने पंखा काढायचा आणि पुन्हा बांधून ठेवायचं म्हणजे चोरी कित्येक दिवस कळत नाही. पण बांधणाऱ्याच्या हाताला जी सवय, तीच गाठ पडणार. मी शिपायाला गाठ सोडायला सांगणार तोच मावशी म्हणाली, "सोडू नका! दोन बाजूंनी कापा, न् ठेवा जपून." मुद्देमाल कसा जप्त करावा हे मला त्या दिवशी तिने शिकवलं. आम्ही गाठीचा फोटो काढला, ती कापून पाकिटात सीलबंद केली, दोघांच्या सह्या घेतल्या.

मग मी असा प्रश्न विचारला, जो पहिल्या दिवशीच विचारायला हवा होता. बंदीच्या दिवसांत इथे मालाची गाडी कुठली येते?

पाच-सहा बायका एकदमच बोलायला लागल्या. जुनी जाळी विकत घेणारा एक पिकअपवाला यायचा. त्यांतली एक म्हणाली, "यंदा तीन येळा आला. मी जाळ्यांचा ढीग बांदून ठेवला होता. त्यानं भाव पन नाय विचारला. जाळी घ्यायला आला, न् जाळी नाय घेतली."

हे त्या बाईला खटकलं होतं, शेजारणीला तिने सांगितलंही होतं. साऱ्या पाचूबंदरला ठाऊक असलेली गोष्ट ठाण्याला ठाऊक नव्हती, कारण ठाण्याने विचारलीच नव्हती.

पुढचं काम सोपं होतं. गाडीचा रंग आणि मागच्या फाळक्यावरचं चित्र बायकांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हायवेलगत गाडी सापडली. चालक तोंडाचा पट्टा सोडणारा निघाला. "साहेब, अपुन सीधा आदमी, जुनी जाळी घेतो बस, कोणाला पण विचारा."

मी त्याच्या हातात दोरी दिली आणि केबिनमधली खुर्ची दाखवली. "ही तुझ्या गाडीत माल म्हणून बांध बघू."

त्याने हसत हसत बांधली. फास, ओढलेलं टोक, वर दोन वेढे. मी टेबलावर बोटीवरच्या गाठीचा फोटो ठेवला. त्याचं हसणं तिथेच थांबलं. एवढ्यावर न्यायालय कोणाला शिक्षा देत नाही, हे मलाही माहीत होतं आणि बहुधा त्यालाही. पण माणूस आपल्या हाताने केलेलं नाकारू लागला की लवकर थकतो. संध्याकाळपर्यंत त्याने गोदाम दाखवलं. तिन्ही पंखे मिळाले. एकावर मालकाने छिन्नीने कोरलेला छोटा क्रूस होता, त्यामुळे ओळख पटवायलाही अडचण आली नाही.

ठाण्यात अभिनंदनं झाली. मी तांडेलाला बोलावून सांगितलं, "तुझ्यावर काही नाही. मोकळा आहेस."

तो म्हणाला, "मोकळाच होतो, साहेब."

गोणीचं पुढे, दर्या उघडल्यावर कळलं. त्यात त्याचं जीपीएस यंत्र होतं. इतकी वर्षं समुद्रात कुठे कधी मासळी लागते, त्या जागा त्याने त्यात एकेक करून जमवल्या होत्या. तीच त्याची विद्या. यंदा तो जवळच्या अर्नाळ्याच्या बोटीवर जाणार होता आणि तिथल्या मालकाला शब्द दिला होता की दर्या उघडेपर्यंत बोलायचं नाही. गोणी उघडली असती तर यंत्र ठाण्यात जमा झालं असतं आणि बातमी जुन्या मालकाला लागली असती. म्हणून तो गप्प बसला.

बोटमालक खोटं बोलला नव्हता. गोणी खरीच होती. पण आपला तांडेल आपल्याला सोडून चाललाय याचा वास त्याला लागला होता, आणि तो राग त्याच्या फोनमध्ये मिसळलेला होता. खबर देणाऱ्याचं म्हणणं ऐकताना त्याच्या पोटात काय आहे, हेही पाहावं लागतं. पुढच्या खुर्चीत बसतो म्हणून मी ते पाहिलं नाही.

मी मावशीला म्हणालो, "त्याला तसं लेखी देतो, म्हणजे प्रश्न मिटेल."

ती म्हणाली, "कागद कोन वाचनार, साहेब? सगल्यांसमोर नेलात ना? मग सगल्यांसमोर आना."

मी एक दिवस घालवला. इभ्रतीचा प्रश्न होता, माझ्या आणि खात्याच्या. एकाला माफी मागितली तर उद्या दहा जण येतील, असं वरिष्ठांनी फोनवर सुचवलंही. मग बाकड्यावरून उठून चालत जाणारी त्याची पाठ डोळ्यांसमोर यायला लागली आणि मी युनिफॉर्म घालून निघालो.

नाक्यावर उतरून मी आणि तांडेल चालत गेलो, जिथून त्याला उचललं होतं तिथवर. लोक जाळी विणत होते. मी म्हणालो, "या माणसाचा चोरीशी काही संबंध नव्हता. मी पुरती चौकशी न करता त्याला गाडीत घालून नेलं. चूक माझी आहे." कोणी टाळी वाजवली नाही, कोणी वाईटही बोललं नाही. म्हाताऱ्या गृहस्थांनी बाजूला सरकून तांडेलाला जागा करून दिली. तो बसला आणि त्याने जाळं हातात घेतलं. सोडून गेलेल्या दोन खलाशांपैकी एक त्याच्याकडे परत आला. दुसरा नाही आला.

खटला उभा राहायला वेळ लागला. मावशीला साक्षीचं समन्स गेलं तेव्हा मला खात्री नव्हती. आमच्यासाठी तिने दिवसाचा धंदा का बुडवावा? पण ती आली. आरोपीच्या वकिलांनी विचारलं, "गाठ गाठीसारखीच असते. तुम्ही कशावरून सांगता?"

"वकीलसाहेब, तुमच्या गल्यातली ती पांढरी पट्टी दुसऱ्या कोनी बांदली, तर तुमाला कलेल का नाय?"

न्यायाधीशांनाही हसू आवरलं नाही. गाठ, साक्ष आणि मिळालेला मुद्देमाल एकमेकांना धरून होते. शिक्षा झाली.

त्या साक्षीच्या दिवशी बाहेर आलो तर तांडेल मोटारसायकलवर थांबला होता. मावशीला अर्नाळ्याहून येऊन त्यानेच आणलं होतं. मी म्हणालो, "आभारी आहे."

"तुमच्यासाठी नाय आनलं, साहेब," तो म्हणाला. "पंखे आमचे होते."

तो जे बोलला त्यात राग नव्हता, आणि म्हणून ते मला जास्त लागलं. लोकांनी पोलिसांना सहकार्य करावं, हे वाक्य मी त्यानंतर कुठल्याच बैठकीत बोललो नाही. चोरी त्यांच्याकडे झालेली, बोटी त्यांच्या, गाव त्यांचा. आम्ही त्यांच्या कामात मदतीला जातो आणि जाताना मात्र "मागे व्हा" म्हणतो. पुढे जिथे बदली झाली तिथे पहिल्या दिवशी मी एकच विचारायचो, आपले पंच कुठले? समोरच्या दुकानातले, असं उत्तर आलं की पंचनाम्याचा कागद परत पाठवायचो. राईटर वैतागायचे. वैतागोत.

वसईला गेलो की अजून पाचूबंदरला फेरी होते. मावशी क्रेट उलटा करून "बसा" म्हणते आणि पिशवीत बळेच सुके बोंबील भरते. बंदीच्या दिवसांत तांडेलही तिथेच जाळी विणत असतो. मला पाहून मान हलवतो आणि पुन्हा जाळ्याकडे वळतो. मी काही बोलायला जात नाही. बाकड्यावरचे ते पाच दिवस त्याचे गेले आहेत, माझे नाहीत.