डावा कोपरा

दुपारचं जेवण अंमळ जास्तच झालंय. आरामखुर्चीत पेपर तोंडावर घेतो आणि डोळे मिटतात न मिटतात तोच ओल्या मातीचा वास येऊ लागतो. कुणीतरी मैदानावर पाणी मारलंय. पेपर बाजूला करतो, तर समोर फक्कीच्या पांढऱ्या रेघा आणि माझ्या डाव्या बाजूला शिदू खाडे उभा.

शिदू गेल्या महिन्यात वारला. त्याच्या दहाव्याला मी गेलो नाही, गुडघ्याचं निमित्त सांगितलं. हे त्याला ठाऊक असणार, म्हणून मी त्याच्या पायांकडेच बघत राहतो. मातीने माखलेले, अनवाणी, चाळीस वर्षांपूर्वीचे पाय.

"हात दे की," तो म्हणतो.

कबड्डीत चढाई करणारा अंगावर आला की कोपऱ्यावरचा गडी शेजारच्याचा हात धरून उभा राहतो. साखळी म्हणतात तिला. शिदू डावा कोपरा, मी त्याचा शेजारी. तो माझं मनगट धरतो, पूर्वीसारखं करकचून.

तसेच हात धरून आम्ही चालू लागतो आणि मैदानाचं एसटी स्टँड होतं. बाकावर त्याची कापडी पिशवी आहे. त्याच्या बनियनवर सूतगिरणीचं नाव दिसतं. पुन्हा बघतो तर बँकेचं, मग कुठल्याशा तालीम मंडळाचं. नऊ संघ झाले, तो सांगतो. कुठे एक हंगाम, कुठे दीड. कुणाचा कोपऱ्यावरचा गडी दुखावला की शिदूला बोलावणं, तो बरा झाला की शिदूला नारळ. कायमची नोकरी कुणीच दिली नाही. हे सगळं तो मजेत सांगतो, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो.

बाकाचं आता साखर कारखान्याचं कँटीन झालंय. भिंतीपलीकडे अंतिम सामन्याचा गलका. आम्ही दोघेही तिथे हंगामी होतो आणि कायम एकालाच करणार होते. चढाईवाल्याचा अंगठा माझ्या नडगीला लागला. पंचांनी शिदूला बाद दिलं. आमच्यात रीत होती, ज्याला लागलं त्याने आपणहून हात वर करायचा आणि बाहेर जायचं. मी केला नाही. शिदूने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घालून बाहेर गेला. पुढच्याच चढाईला मी एकट्याने पकड केली, सामना जिंकला आणि नोकरी मला लागली. त्या पकडीच्या गोष्टीवर मी जन्मभर जेवलो.

"तुला कळलं होतं?" मी विचारतो.

"साखळीत हुतो की रं. तुझा हात दचकला, त्ये मला कळलं न्हाई व्हय?"

"मग बोलला का नाहीस?"

"हात तुझा हुता, भानू. मी कसा वर करणार?"

तो रागावलेला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.

कँटीनच्या फरशीवर रेघा उमटतात. समोरून चढाईवाला येतोय. त्याला चेहरा नाही, दम मात्र ऐकू येतो. थंडगार अंगठा नडगीला लागतो. शिट्टी वाजते, पंचांचं बोट पुन्हा शिदूकडे. शिदू माझं मनगट सोडत नाही, वाट बघत उभा राहतो. माझा उजवा हात ओल्या पोत्यासारखा जड झालाय. मला भीती वाटते, सरळ सांगतो. तरी मी तो उचलतो, खांद्यापर्यंत, मग डोक्याच्या वर.

"अहो, कुणाला बोलावताय?"

इंदू चहा घेऊन उभी आहे. पेपर खाली पडलाय. माझा उजवा हात खरोखरच वर आहे, खांदा अवघडलाय. आणि डाव्या मनगटावर चार बोटांचे लाल वळ, आतल्या बाजूला अंगठ्याचा एक.

त्या पकडीची गोष्ट इंदूने शंभरदा ऐकलीय, पाहुण्यांना स्वतःही सांगितलीय. मी हात खाली घेत नाही.

"इंदू, बस जरा," मी म्हणतो. "त्या सामन्यात बाद मी होतो."