पुढच्या दातासाठी नांदेड

दात माझा होता, वरचा, अगदी मधला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात सगळे बोलले, मला तेवढं कुणी विचारलं नाही.

आमचं गाव देवणीकडचं. लातूर नवा जिल्हा झाला होता आणि सलग दुसऱ्या वर्षी पावसानं पाठ फिरवली होती. त्यातच माझा दात काळा पडायला लागला. माय म्हणाली, मिश्री लाव. लावली. तंबाखूनं हिरडी तेवढ्यापुरती बधिर व्हायची, परत ठणका सुरू. मग दारावर दातातला किडा काढणारी बाई आली. तिनं निखाऱ्यावर भुईरिंगणीचं बी टाकलं, नळीनं धूर माझ्या तोंडात सोडला आणि वाटीतल्या पाण्यात पडलेले बारीक पांढरे किडे मायला दाखवले. ते किडे नव्हते, त्या बियांतलेच कोंब होते, हे मला फार उशिरा कळलं. माय मात्र लई खूश झाली, आणि मी चार दिवस खोकत राहिले.

दातांचा डॉक्टर आमच्या गावात कुणी बघितलेलाच नव्हता. नांदेडला एक चांगला आहे असं कळलं होतं, शिवाय तिथं माझी मावशी राहायची. पण माझे वडील, अण्णा, हट्टाला पेटलेले. "आता जिल्हा आपल्या दारात आलाय. नांदेड कशाला? लातुरात समदं होणार हाय." जिल्हा जणू यांच्याच शेतात पिकलाय असा त्यांना आनंद. शेतात दुसरं काही पिकतच नव्हतं म्हणा.

म्हणून लातूर. तिथल्या एका सरकारी दवाखान्यात दाताची खुर्ची आली होती. खरंच आली होती, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेली. डॉक्टर यायचा होता. "पुढच्या महिन्यात या," शिपाई म्हणाला. पुढच्या महिन्यात गेलो, त्याच्याही पुढच्या महिन्यात गेलो. तिसऱ्या खेपेला कागद फाटला होता आणि खुर्चीवर कुणीतरी फायली रचून ठेवल्या होत्या. अण्णा तिच्याकडं बघत उभे राहिले. मला त्यांचा संतापही आला आणि कीवही आली. तोवर माझा वरचा ओठ नाकापर्यंत सुजला होता.

मग कुठं नांदेड. डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं, दातावर टकटक केलं. म्हणाले, "हा दात वाचतो. मूळ साफ करू, वर कॅप बसवू. सहा दिवस रोज यावं लागेल."

मला इतकं हलकं वाटलं की ठणकासुद्धा विसरले. लग्नाचं वय होतं, बघायला पाहुणे यायचे होते, सगळं खरं. पण मला दात पाहुण्यांसाठी नको होता. मला हसायची हौस होती. वर्षभर तोंडावर पदर धरून हसून मी कंटाळले होते. मला माझा दात हवा होता, बस.

"मग काय करायचं?" डॉक्टरांनी अण्णांना विचारलं. मावशीचं घर चार गल्ल्या सोडून. मी मनात मावशी, मावशी असं घोकत होते. अण्णांनी गळ्यातल्या रुमालानं तोंड पुसलं.

"साहेब, गावात टँकर येतो. पाणी हीच भरते. हिच्या मायची कंबर गेलीय. ही सहा दिवस हितं राहिली तर घरात पाणी न्हाई." मग म्हणाले, "काढून टाका. आजच्या आज."

मी नको म्हणायला हवं होतं. तोंडात आरसा होता. आणि खरं सांगते, आरसा नसता तरी माझं तोंड उघडलं नसतं, बापापुढं बोलायची आमच्यात रीतच नव्हती. त्या गोष्टीचा राग मला आजही अण्णांपेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

डॉक्टरांनी दात कागदाच्या पुडीत बांधून दिला. परतीच्या बसमध्ये मी ती उघडली. वरून काळा, पण मूळ लांब आणि चांगलं घट्टमुट्ट होतं. अण्णा सगळा रस्ता खिडकीबाहेर बघत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घागरी घेऊन टँकरच्या रांगेत बसले. टँकर आला नाही. बिघडला म्हणे. तिसऱ्या दिवशीही नाही, चौथ्या दिवशीही नाही. अण्णांनी शेजाऱ्याची बैलगाडी मागून घेतली, तीन कोसांवरच्या विहिरीवरून पिंप भरून आणलं. रोज आणलं. घरात पाणी होतं. मी तरी रांग धरून बसायचेच, उगाच टँकर आला आणि नंबर गेला तर काय घ्या. बायका विचारायच्या, तोंडाला काय झालं गं? मी नुसती मान हलवायचे.

सहाव्या दिवशी पिंप उतरवून अण्णा रांगेपाशी आले. माझ्या रिकाम्या घागरींजवळ उकिडवे बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाण्याचं मी बघतो. तू चल नांदेडला. मावशीकडं राहा आठ दिवस. डॉक्टरला परत दाखवू."

मी म्हटलं, "आता काय दाखवायचं, अण्णा?"