जित्याचं का मेल्याचं?

कौसामायच्या हातात कुठलीही चिंधी द्या, अगदी बोटभर रुंदीची का असेना, ती आधी गालाला लावायची, डोळे मिटायची आणि विचारायची, “जित्याचं का मेल्याचं?” कुणाच्या घरचं, धुतलंय का, रंग जाईल का, असलं काही नाही. एवढा एकच प्रश्न. पहिल्यांदा तो मला विचारला गेला तेव्हा मी बावीस वर्षांची होते. हातात शिवणकामाचं प्रमाणपत्र होतं आणि डोक्यात हवा होती. मी म्हटलं, मावशी, कापडाला काय कळतंय त्यातलं? ती शांतपणे म्हणाली, “कापडालाच कळतंय, बाई. मान्साला कुठं कळतंय.” मला हसू आलं. ते मी लपवलंही नाही.

बहात्तरच्या दुष्काळातली गोष्ट. तेलगावहून पायी तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात बायकांची शिवण सहकारी संस्था निघाली होती आणि मी तिथली शिकवणारी बाई. खत नाही, बी नाही, म्हणून सोसायटीचं गोदाम मोकळंच पडलं होतं. त्यात चार मशिनी मांडल्या, भिंतीला फळा टेकवला, झाली संस्था. शाळेचे गणवेश शिवायचं काम मिळालं होतं. बायका सकाळी खडी फोडायला जायच्या आणि दुपारी मशिनीवर बसायच्या. बोटं अशी खरखरीत झालेली की दोरा त्यांना अडकून तुटायचा. मी ओरडायचे. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

कौसामाय संस्थेची सभासद नव्हती. मशिनीला तिनं कधी हात लावला नाही. म्हणायची, “ही गाडी लई पळती. चिंधीचं ऐकून घेत न्हाई.” ती यायची ती उरलेल्या कातरणीसाठी. गोदामाच्या दारात पाय पसरून बसायची, खांद्यावर पदरात खोचलेली सुई काढायची आणि शिवायला लागायची. उंच, काटकुळी बाई. चालताना पाय वाजायचे नाहीत. आपण मान वर करावी तर ती केव्हाची येऊन बसलेली असायची. दोरा ती दातानं कधी तोडायची नाही, उष्टा दोरा चालत नाही म्हणायची. दगडाच्या एका चपट्या कपरीवर घासून तोडायची. तो खर्र खर्र आवाज ऐकला की पोरी मशीन थांबवायच्या.

तिच्या वाकळी लांबलांबच्या गावांत माहीत होत्या. वाकळ म्हणजे गोधडीच, आमच्याकडचं नाव. कौसामायचा नेम असा की जित्याच्या अंगावरचं उतरलेलं कापड वरच्या बाजूला लावायचं आणि मेल्याचं खालच्या. त्यात कधी सरमिसळ नाही. “मेलेलं मानूस खालून ऊब देतंय, जितं वरून. मधी आपुन निजायचं,” असं ती सांगायची. गणवेशाच्या कातरणीला मात्र ती काही विचारायची नाही. ते का, असं मी एकदा खोचकपणे विचारलं. “कोऱ्याला काय इचारायचं? ते अजून जल्मलंच न्हाई.”

आमच्या घरात छप्पन सालापासून अंगारे-धुपारे, नवस-सायास सगळं बंद. वडील मास्तर. कुणी भूत म्हटलं की ते कंदील घेऊन बघायला जायचे. मी त्यांचीच लेक. एकदा म्हटलं, चला, म्हातारीची परीक्षाच घेऊ. वारलेल्या आजोबांच्या फेट्याचा तुकडा आणि आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा नेला. आई तेव्हा चांगली ठणठणीत होती. मुद्दाम उलटं सांगितलं. कौसामायनं दोन्ही तुकडे गालाला लावले, खाली ठेवले आणि म्हणाली, “बाई, उलटं सांगितलं तुमी.” ओरडली नाही, हसली नाही, पुढचा टाका घातला. घरी येऊन मी स्वतःला समजावलं की फेटा पेटीत पडून होता, त्याला वास असणार. लुगडं रोजचं धुतलेलं. त्यात काय एवढं? तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही.

हिवाळा सरता सरता जिल्ह्याच्या कचेरीतून कळवलं, प्रदर्शनासाठी संस्थेनं एक नमुन्याची वाकळ करावी, चौकटी-चौकटींची, प्रत्येक चौकट वेगळ्या घाटाची. मी कौसामायला सांगितलं. तिनं घरोघर फिरून एकेक चिंधी गोळा केली. तेल्याच्या घराला चांदणी, विहिरी खोदणाऱ्याच्या घराला पायऱ्या, म्हातारा-म्हातारी दोघंच होती त्या घराला डमरू. पाटलीणबाईंच्या जरीच्या काठाशेजारी आमच्या वस्तीतल्या एका आजीचं जाडंभरडं निळं आलं. गावात पाणवठे वेगळे होते, पण इथं दोघी एका दोऱ्यात. पाटलीणबाईंना ते कळलं नाही आणि मी कशाला सांगू?

माझ्याकडं तिनं चिंधी मागितली तेव्हा मी आमच्या ह्यांच्या सदऱ्याची बाही दिली. लग्नाला वर्ष झालेलं. हे नदीपलीकडं एका खडीच्या खाणीवर कामाला होते. महिन्यातून एकदा यायचे आणि आठवड्याला एक पत्र. मागच्या खेपेला हा सदरा घालून आले होते, निळ्या रेघांचा. बाही फाटली म्हणून तो इथंच टाकून दुसरा घालून गेले. मी तो धुतलाही नव्हता. खोटं कशाला बोलू, उशाशी घेऊन निजायचे. कौसामायनं बाही गालाला लावली. तिनं विचारायच्या आतच मी म्हटलं, जित्याचं. तिनं मान हलवली, पण डोळे लवकर उघडले नाहीत. मग शंकरपाळ्याच्या घाटात कापून वाकळीच्या वरच्या बाजूला, अगदी मधोमध, कच्च्या टाक्यानं बसवलं.

रोज दुपारी मी आधी ती चौकट बघायचे आणि मग फळ्याकडं वळायचे. कुणाला कळू नये अशा बेतानं. पोरींना सगळं कळत होतं.

एक गुरुवार उजाडला. तेलगावचा बाजार म्हणून गोदामात कुणी नव्हतं. उन्हाचा नुसता रखरखाट, रस्त्यावर कुत्रंही नाही. मी खडूचा डबा आणायला म्हणून गेले तर दारातूनच आवाज आला. खर्र, खर्र. कौसामाय वाकळीवर वाकली होती आणि मधली चौकट उसवत होती.

तिनं शेवटचा टाका कापला, निळ्या रेघांचं शंकरपाळं उचललं, वाकळ उलटी केली आणि ते खालच्या बाजूला ठेवून शिवायला घेतलं. कच्च्या नव्हे, पक्क्या टाक्यानं. मी धावत जाऊन तिचा हात धरला. हात गार होता, त्या उन्हात. तिनं वर पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली.

“बस, माय,” ती म्हणाली. “ते ऱ्हाइना वरी. म्या चारदा बशीवलं.”

मी तिला नको नको ते बोलले. चेटकीण म्हटलं. ज्या घरात हा शब्द उच्चारला तर वडिलांनी कानफटात मारली असती, त्या घरची मी. ती ऐकत राहिली आणि शिवत राहिली. मी घरी जाऊन दार लावून घेतलं.

त्या आठवड्याचं पत्र आलं नाही. पुढच्याही नाही. पोस्टमन लांबून दिसला की मी उंबऱ्यात येऊन उभी राहायचे आणि तो सायकल न थांबवता पुढं जायचा. खाणीवर कुणाला पाठवावं तर गावात धड चालणारं माणूस उरलं नव्हतं, सगळे कामावर. मी एकटी निघायची तयारी केली आणि गावाबाहेर पाऊल टाकवेना. जाऊन कळलं तर खरं होईल, न जाता काहीच झालेलं नाही, असं वाटायचं. कपाळावरच्या कुंकवाला हात लावायचीही चोरी. कौसामाय रोज येऊन गोदामाच्या दारात बसत होती. मी तिच्याशी बोलत नव्हते. वाकळीच्या मधल्या जागेत तिनं दुसरं काही लावलं नाही. तिथून आतलं मळकट अस्तर दिसायचं.

सोळाव्या दिवशी दुपारी मी फळ्यावर बाहीचा मुंडा काढून दाखवत होते. मशिनी एकाएकी थांबल्या. वळून बघते तर दारात हे उभे. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले, पण हेच. मी आधी पायांकडं बघितलं, सरळ आहेत का उलटे. कंदीलवाल्या मास्तरांची लेक मी. मग पोरींसमोर हमसून रडले.

रडून झाल्यावर मला राग आला, आणि माझा राग वाईट. ह्यांचा हात धरून कौसामायसमोर उभं केलं आणि म्हटलं, बघा, हा तुमचा मेलेला. वाकळ उलटी करून ती चौकटही दाखवली. ह्यांनी वाकून बघितलं. बोटानं निळ्या रेघा चाचपल्या आणि मटकन खाली बसले.

“हा माझा सदरा न्हाई,” हे म्हणाले. “किसनचा हाय.”

मग सगळं कळलं. किसन ह्यांचा खाणीवरचा जोडीदार, गेवराईकडचा. दोघांनी एकाच ताग्यातून सदरे शिवले होते. मागच्या खेपेला घरी येताना ह्यांनी दोरीवरचा त्याचा सदरा चुकून ओढून घातला. परत गेल्यावर दोघं हसले, राहू दे म्हणाले, आणि किसन ह्यांचा सदरा वापरायला लागला. सोळा दिवसांपूर्वी, त्या गुरुवारी, भर दुपारी सुरुंग लावताना किसन गेला. मुकादमानं लांबून सदरा बघितला आणि आधी ह्यांच्याच नावानं हाका मारल्या. हे त्याला घेऊन त्याच्या गावी गेले आणि दिवस उरकेपर्यंत त्याच्या घरीच राहिले. त्याच्या बायकोसमोर बसून मला पत्र लिहायचा ह्यांना धीर झाला नाही.

कौसामायनं ह्यांच्या तोंडावरून हात फिरवला, कानशिलावर बोटं मोडली आणि मग माझ्याकडं बघून म्हणाली, “म्या चिंधी वळखली, बाई. मानूस तुमी सांगितलता.”

मला आनंद झाला होता, अंगात मावेना इतका. आणि त्याच क्षणी गेवराईकडच्या एका घरात कुणीतरी डोकं आपटत होतं. मी त्या बाईला कधी पाहिलं नाही. पण मी निर्मळ मनानं हसले असं त्यानंतर एकदाही झालं नाही.

कौसामायनं ह्यांच्या अंगावरच्या पैरणीचा घेर तिथल्या तिथं कापला आणि मधली मोकळी जागा भरली. या वेळी टाके इतके बारीक घातले की सुईचं टोक शिरायला जागा नाही. पुढं कचेरीतले साहेब जीप घेऊन वाकळ न्यायला आले तर तिनं दिली नाही. “गाव इकता का?” असं विचारलं. साहेब चिडले, मला दम भरला. शेवटी तिनं गणवेशाच्या कातरणीची, खाकी आणि पांढऱ्या चौकटींची दुसरी वाकळ त्यांच्या हातात ठेवली. म्हणाली, “ही न्या. हिच्यात कुनीच न्हाई.” त्या वाकळीला बक्षीस मिळालं म्हणतात. गावाची वाकळ तिनं माझ्याकडं दिली, तुमचं मानूस हाय, तुमीच संबाळा म्हणून.

चारेक वर्षांनी, पाऊसपाणी बरं झाल्यावर, ती एका दुपारी माझ्या घरी आली. धडधाकट होती. चहा घेतला, वाकळ मागितली. तिची स्वतःची एक चौकट होती कोपऱ्यात, हिरव्या लुगड्याची. ती तिनं उसवली, वाकळ उलटी केली आणि खालच्या बाजूला, किसनच्या शेजारी शिवली. तू हे काय करतेस, असं मी विचारलं. तोवर मी तिला अगंतुगं करायला लागले होते. ती म्हणाली, “सरकते आता खाली. वरची जागा लेकराला ऱ्हाऊ द्या.” मला दिवस गेल्याचं तोवर मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिची सून सखू निरोप घेऊन आली. म्हातारी दारात बसल्या बसल्या गेली होती. सुई पदरातच होती.

तिच्या जागी पुढं आमच्या लेकीच्या कुंचीचा तुकडा आला. वाकळ अजून आहे, ह्यांच्या पांघरुणाला. ह्यांनी परवाच ऐंशी ओलांडली, ते या सगळ्याला हसतात. मी रोज सकाळी वाकळीची घडी घालते आणि घडी घालताना मधल्या चौकटीवरून अंगठा फिरवते. इतक्या वर्षांत तिचा एक टाका कधी हलला नव्हता. गेल्या मंगळवारी ह्यांच्या त्या चौकटीच्या वरच्या कोपऱ्यातला एक टाका सैल लागला. कापड जुनं झालंय, दुसरं काय असणार? असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, कधी नव्हता. हे अंघोळीला गेले होते. मी दाराला कडी घातली, दोरा ओवला आणि तो टाका घट्ट आवळून बसवला. बुधवारी तोच टाका पुन्हा सैल होता. मी पुन्हा घातला. आज चौथ्यांदा घातला.