बोटांचे ठसे

नव्वदच्या दशकात मी अमेरिकेच्या दक्षिण भागात, कॅरी शहराहून तासाभरावरच्या एका छोट्या गावात नोकरीला होतो. तिथल्या जुन्या कोर्टाच्या दारावर पितळी पाटी होती: ही इमारत अमुक जनरलने बांधली. कोर्टाचा म्हातारा, काळा केअरटेकर ती रोज मीठ-लिंबू लावून घासायचा आणि कोणी जवळ गेलं की ओरडायचा, "हात लावू नका, डाग पडतात!" इकडे गावकुसाबाहेरच्या आमच्या घराण्याने हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं. त्यामुळे तो मला आधी आवडायचाच नाही.

एकदा त्याने मला मागच्या भिंतीशी नेलं. एका विटेत चार छोटे खळगे होते. "बोट घाला," तो म्हणाला. माझं मावेना.

"ओली वीट उचलताना उमटलीत. गुलाम पोराची बोटं. आता सांगा, इमारत कोणी बांधली?"

गावच्या कौन्सिललाही तो दोन वर्षं हेच विचारत होता. ते कागदोपत्री पुरावा मागायचे. शेवटी त्याने सगळ्या सभासदांनाच त्या भिंतीशी आणलं आणि एकेकाला बोट घालायला लावलं. कोणाचंच मावलं नाही. नव्या पाटीचा ठराव एकमताने पास झाला.

त्या विटा पाडणाऱ्या गुलामांची नवी पाटी लागली, तेव्हा एका आजीने हात पुढे केला आणि सवयीने मागे घेतला.

तो गरजला, "लावा हात! सगळ्यांनी लावा!"

मीही लावला. संध्याकाळपर्यंत पाटी ठशांनी माखली.

दुसऱ्या दिवशी त्याने जनरलची पाटी नेहमीसारखी लख्ख घासली. ही तशीच ठेवली.