शून्यावरचं शिखर

पीएच.डी.च्या चौथ्या वर्षी मी जामनेरला घरी येऊन प्रबंध लिहीत होते. विषय होता केसापेक्षा हजारपट बारीक अर्धवाहक तारांचा. त्यांच्यावर ॲल्युमिनियमचा थर असतो. खूप थंड केलं की तो अतिवाहक होतो, म्हणजे त्यातून वीज विनाअडथळा वाहते. मात्र त्यात इलेक्ट्रॉनला एकट्याने शिरता येत नाही, जोडीनेच जावं लागतं. माझ्या एका तारेत चुंबकीय क्षेत्र वाढवल्यावर वाहकतेच्या आलेखात बरोबर शून्य व्होल्टवर एक शिखर उगवलं होतं. ते एका अजून सिद्ध न झालेल्या विलक्षण अवस्थेची खूण मानलं जातं, म्हणून जगभर लोक त्याच्याच शोधात होते. त्यावर मी अख्खं प्रकरण लिहिलं होतं.

माझे वडील, नाना, मोटर रिवाइंडिंग करतात, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार भरतात. दुपारी जेवायला आले तेव्हा आलेख पडद्यावर होता. त्यांनी विचारलं, मी सांगितलं. हात पुसत ते म्हणाले, "हाई दुसरी तारमा बी दखास का?"

"नाही. बाकीच्या चार बिघडलेल्या निघाल्या."

"बिघडेल शेतस हाई कसं समजनं?"

 त्या चार तारांत शिखर दिसलं नाही म्हणूनच मी त्यांना बिघडलेल्या म्हटलं होतं.  भाकरी संपवून नाना दुकानात गेले.

पुढचे चार दिवस मी जुन्या फायली उघडून बसले. त्या चांगल्या तारेतसुद्धा गेटचं, म्हणजे तारेजवळच्या नियंत्रक पट्टीचं, व्होल्टेज जरासं हलवलं की शिखर दुभंगून दोन्हीकडे सरकत होतं; खरं असतं तर ते जागीच राहिलं असतं. ते मोजमाप माझंच होतं. प्रबंधात मी फक्त सोयीचा भाग घेतला होता. मुद्दाम खोटेपणा केला नव्हता. तारेतल्या साध्या दोषांमुळेही असं शिखर येऊ शकतं, हे मी स्वतःच दोनदा वाचलेलं होतं.

मार्गदर्शक सरांना फोन केला. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "बाकीच्या तारा दाखव, असं मीच म्हणायला हवं होतं. सगळ्या पाचही घाल. प्रकरण नव्याने लिही."

त्यात एक वर्ष गेलं. दोन तारा पुन्हा मोजल्या आणि शिखर साध्या दोषांचंच असावं असं लिहिलं. त्यावरचा शोधनिबंध एका नियतकालिकाने परत पाठवला, नवीन काही नाही म्हणून. तेव्हा मी रडले. आईने चहा ठेवला आणि मला बसू दिलं. दुसऱ्या नियतकालिकाने मात्र घेतला.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी तासभर त्याच प्रकरणावर विचारलं. प्रत्येक आलेख मला पाठ होता. घाम आला, पण अडले नाही.

बाहेर येऊन घरी फोन लावला. नाना बोदवडला कुणाचा तरी पंप बसवत होते, मागे मोटरचा आवाज येत होता.

"झाली का परीक्षा?"

"झाली. पास."

"मंग घर ये," ते म्हणाले आणि कुणाला तरी पाना मागत फोन ठेवला.

आता मी जळगावच्या एका कॉलेजात शिकवते.